नवी इमारत खरोखर किती वीज खाते?

नव्या इमारतीच्या माहितीपत्रकात हल्ली ऊर्जाबचतीचे आश्वासन हमखास असते. दुहेरी काच, एलईडी दिवे, गच्चीवर सौर पॅनेल आणि प्रवेशद्वाराशी हरित मानांकनाची पाटी. ही पाटी बहुतेक वेळा आराखडा, साहित्याची बिले आणि संगणकावरची आकडेमोड तपासून दिलेली असते. लोक राहायला आल्यावर इमारत किती वीज वापरते, हे त्या पाटीवरून कळत नाही. त्यासाठी मोजावेच लागते. हे मोजमाप सोसायटीच्या कमिटीला आणि रहिवाशांना स्वतः करता येते. ते पहिल्या काही वर्षांतच का करावे आणि कसे करावे, हे सांगण्यासाठी हा लेख.

अंदाज आणि प्रत्यक्ष यांत अंतर पडते, हे जगभर दिसून आले आहे. ब्रिटनमध्ये १९९५ ते २००२ या काळात ‘प्रोब’ नावाच्या अभ्यासमालिकेत नव्या, नावाजलेल्या इमारती वापरात आल्यानंतर पुन्हा तपासल्या गेल्या. अनेक ठिकाणी वीज आणि इंधनाचा वापर आराखड्यातल्या अंदाजापेक्षा बराच जास्त निघाला. अमेरिकेत २००८ मध्ये ‘लीड’ हे हरित मानांकन मिळालेल्या १२१ इमारतींचा प्रत्यक्ष वापर अभ्यासला गेला. सरासरी काढली तर या इमारती देशातल्या इतर इमारतींपेक्षा कमी ऊर्जा वापरत होत्या. पण निम्म्याहून अधिक इमारतींचा वापर स्वतःच्याच अंदाजापासून २५ टक्क्यांहून जास्त ढळलेला होता. काहींनी अंदाजापेक्षा चांगली कामगिरी केली, काहींनी वाईट. तुमची इमारत यांपैकी कुठे बसते, हे फक्त तुमचे मीटर सांगू शकते.

आधी ठरवा, काय मोजायचे

इमारतीच्या ऊर्जावापराचे सर्वांत उपयोगी माप म्हणजे दर चौरस मीटरला दर वर्षी लागणारी युनिटे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो याला ‘ऊर्जा कामगिरी निर्देशांक’ मानते आणि तारांकनासाठी हेच माप वापरते. बारा महिन्यांचा एकूण वापर युनिटांत घ्यायचा आणि बांधीव क्षेत्रफळाने भागायचा. पार्किंग, रस्ते, हिरवळ हे क्षेत्रफळात धरायचे नाही. ते धरले, तर भागाकार फसवा लहान येतो आणि खराब इमारतही चांगली दिसते. चटई क्षेत्र घेतले की बांधीव, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवा आणि दर वर्षी तेच वापरा.

एकूण वापरात काय काय येते? सदनिकांची मीटरे, सामाईक मीटर, जनरेटरची वीज आणि सौर पॅनेलांनी तयार करून इमारतीतच वापरलेली वीज. जनरेटरला मीटर नसेल तर डिझेलचा हिशेब ठेवा. एका लिटरमागे साधारण तीन ते साडेतीन युनिटे धरता येतात. स्वयंपाकाचा गॅस वेगळ्या रकान्यात ठेवा, कारण तो इमारतीच्या बांधणीपेक्षा घरातल्या सवयींवर अवलंबून असतो.

सदनिकांचे आकडे मिळवणे हे नाजूक काम आहे. पूर्ण बिल कोणाकडेही मागू नये. महिना आणि युनिटे एवढेच दोन रकाने असलेला कागद फिरवावा आणि त्यावर नावे नसावीत. सगळ्यांनी आकडे दिले नाहीत तरी अडत नाही. निम्म्या घरांचे नीट आकडे हे सगळ्या घरांच्या अंदाजापेक्षा चांगले.

उदाहरण घेऊ. समजा, ८० सदनिकांच्या इमारतीत घरांचा मिळून वर्षाचा वापर १,६८,००० युनिटे आणि सामाईक वापर ९६,००० युनिटे आहे. पार्किंग वगळून बांधीव क्षेत्र ८,००० चौरस मीटर. एकूण २,६४,००० भागिले ८,००० म्हणजे ३३. हा एक आकडा मिळाला की चर्चेला आधार मिळतो. त्यातला सामाईक भाग १२ आहे. हा भाग कमिटीच्या हातात असतो आणि सर्वाधिक दोषही तिथेच सापडतात.

हस्तांतराच्या वेळी हे कागद मागा

मोजलेल्या आकड्याशी ताडून पाहायला मूळ अंदाज हवा. म्हणून ताबा घेताना पुढची कागदपत्रे लेखी मागावीत.

- मानांकनासाठी किंवा ऊर्जा संहितेसाठी सादर केलेली आकडेमोड आणि त्यातला अपेक्षित वार्षिक वापर
- प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणेचे विद्युत आराखडे, मुख्य पॅनेलचा सिंगल लाइन डायग्राम
- पंप, लिफ्ट, व्हेंटिलेशनचे पंखे, सांडपाणी प्रक्रिया केंद्र यांची क्षमता आणि चाचणी अहवाल
- खिडक्यांची काच, भिंतीचे ब्लॉक, गच्चीवरचा उष्णतारोधक थर यांचे तपशील आणि खरेदीच्या नोंदी
- सौर पॅनेलांची क्षमता आणि अपेक्षित निर्मिती

निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आली. तिच्यात थंड प्रदेश वगळता, भिंती-खिडक्यांमधून आत शिरणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौरस मीटरला १५ वॅट इतकी घातली आहे. गच्चीसाठी वेगळी मर्यादा आहे. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर मोठ्या निवासी इमारतीही या चौकटीत आल्या. तुमच्या प्रकल्पासाठी ही आकडेमोड झाली असेल, तर तिची प्रत मागणे यात संकोचण्यासारखे काही नाही.

वर्ष कुठून मोजायचे

नव्या इमारतीचे पहिले काही महिने हिशेबाला निरुपयोगी असतात. निम्मी घरे रिकामी असतात, बाकीच्यांत फर्निचरची कामे चालू असतात, ड्रिल आणि पॉलिशची यंत्रे फिरत असतात, लिफ्टमधून दिवसभर प्लायवूड वर जात असते. काँक्रीट आणि गिलाव्यातला ओलावा अजून सुकत असतो, त्यामुळे एसीला जास्त काम पडते. या काळातल्या नोंदी ठेवा, पण निष्कर्ष काढू नका. साधारण तीन चतुर्थांश घरांत लोक राहू लागले की तिथून बारा महिने मोजा. प्रत्येक महिन्यापुढे किती घरांत वस्ती होती, हेही लिहा.

बारा महिने का? उन्हाळ्यातला एसी, पावसाळ्यातले वाळवणाचे यंत्र आणि थंडीतला गीझर यांचा हिशेब एका वर्षाशिवाय पुरा होत नाही. ऑस्ट्रेलियातली ‘नॅबर्स’ ही मानांकन पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. आराखडा कितीही सुंदर असो, तारे मिळतात ते बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष वापरावर. २०१० पासून तिथे मोठी कार्यालये विकताना किंवा भाड्याने देताना हे मानांकन जाहीर करावे लागते. आपल्याकडे सोसायटीने सूचनाफलकावर वर्षाचा आकडा लावला, तरी तेच काम लहान प्रमाणात होईल.

बिल वाचताना होणाऱ्या तीन चुका

पहिली चूक गुणकाची. सामाईक जोडणी मोठी असेल तर मीटर सीटीवर (करंट ट्रान्सफॉर्मरवर) बसवलेला असतो आणि मीटरवरचा फरक बिलावरच्या ‘गुणक अवयवा’ने गुणावा लागतो. गुणक ४० असताना मीटर २० ने पुढे गेला, तर वापर ८०० युनिटे झाला. वॉचमनने वहीत उतरवलेले रीडिंग गुणकाशिवाय असते, हे ध्यानात ठेवा. सीटीचे गुणोत्तर आणि बिलावरचा गुणक जुळतो का, हे एकदा वीज कंपनीच्या अभियंत्याकडून तपासून घ्या.

दुसरी चूक युनिटांच्या प्रकाराची. काही जोडण्यांचे बिल किलोव्होल्ट-अँपिअर-तासांत येते. त्यात पॉवर फॅक्टर मिसळलेला असतो. ऊर्जेच्या हिशेबासाठी मीटरवरचे किलोवॅट-तासच घ्या. दोन्ही आकड्यांत मोठा फरक असेल तर कपॅसिटर पॅनेल नीट चालत नाही, हा वेगळा दोष त्यातूनच कळतो.

तिसरी चूक सौर पॅनेलांची. नेट मीटरचे बिल कमी आले की इमारत काटकसरी आहे असे वाटते. प्रत्यक्ष वापर काढायला तीन आकडे लागतात: कंपनीकडून घेतलेली वीज, पॅनेलांनी तयार केलेली वीज आणि परत पाठवलेली वीज. पहिल्या दोहोंची बेरीज करून तिसरा वजा करायचा. समजा, घेतली ३,२०० युनिटे, तयार झाली २,६००, पाठवली ९००. मग वापर ४,९०० युनिटे. पॅनेलांचीही परीक्षा याच नोंदीत होते. महाराष्ट्रात एक किलोवॅटची पॅनेले वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिटे देतात. तुमची तीनवर अडकली असतील, तर धूळ, शेजारच्या टॉवरची सावली किंवा इन्व्हर्टर यांपैकी काहीतरी कारण आहे.

सामाईक मीटर फोडून पाहा

सामाईक बिलाचा एकच मोठा आकडा काही सांगत नाही. तो भागांत वाटा. पंप, प्रत्येक लिफ्ट, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, तळघरातले पंखे, दिवे, क्लबहाउस यांना वेगवेगळे सब-मीटर लावा. थ्री-फेज सब-मीटर काही हजार रुपयांत येतो आणि पॅनेलमध्ये जागा असेल तर परवानाधारक विद्युत ठेकेदार तो थोड्या वेळात बसवतो. इमारत अजून बांधली जात असेल, तर ही मागणी करारातच घाला. तेव्हा खर्च नगण्य असतो.

सब-मीटर नसतानाही एक चाचणी लगेच करता येते. मध्यरात्रीनंतर दोन वाजता आणि चार वाजता सामाईक मीटरचे रीडिंग घ्या. या वेळी लिफ्ट जवळजवळ थांबलेल्या असतात, पंप बहुधा बंद असतात. समजा, दोन तासांत मीटर ०.२५ ने सरकला आणि गुणक ४० आहे. म्हणजे १० युनिटे, तासाला पाच. सगळे झोपलेले असताना पाच किलोवॅटचा भार चालू आहे. हा भार वर्षभर अखंड राहिला तर ४३,८०० युनिटे होतात. आपल्या उदाहरणातल्या ९६,००० च्या सामाईक वापरात हा जवळजवळ निम्मा वाटा आहे. मग टॉर्च घेऊन फिरा आणि तो कुठे जातो ते शोधा.

तो बहुधा पुढच्या ठिकाणी सापडतो.

*तळघर आणि पार्किंग.* अठरा वॅटच्या साठ ट्यूब चोवीस तास जळल्या तर दिवसाला सुमारे २६ युनिटे जातात. पुष्कळ इमारतींत सेन्सर बसवलेले असतात, पण कोणीतरी स्विच कायम ‘मॅन्युअल’वर ठेवलेला असतो. व्हेंटिलेशनच्या पंख्यांचेही तसेच. कार्बन मोनॉक्साइडच्या सेन्सरवर चालायचे पंखे दिवसरात्र फिरत असतात. सेन्सर आहे का, तो चालतो का आणि पंखा त्याचे ऐकतो का, हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे तपासा.

*अग्निशमनाचा जॉकी पंप.* हा लहान पंप नळातला दाब टिकवतो. एकदा दाब भरला की तो बराच वेळ शांत असायला हवा. दर काही मिनिटांनी सुरू होत असेल तर नळात किंवा व्हॉल्व्हमध्ये गळती आहे. हा विजेचा अपव्यय तर आहेच, शिवाय आग लागली तर जिवावर बेतणारा दोष आहे. दुरुस्ती होईपर्यंत हा पंप बंद करून ठेवण्याची चूक कधीही करू नका.

*सांडपाणी प्रक्रिया केंद्र.* ब्लोअर पूर्ण क्षमतेच्या हिशेबाने बसवलेले असतात आणि अर्धी इमारत रिकामी असतानाही पूर्ण वेळ चालतात. रोज किती हजार लिटर पाण्यावर प्रक्रिया झाली आणि किती युनिटे गेली, यांचा भागाकार नोंदवा. पुरवठादाराने सांगितलेल्या आकड्याशी तो ताडून पाहा. ब्लोअरचे तास कमी करायचे असतील तर पाण्याची गुणवत्ता तपासूनच करा.

*लिफ्ट.* रिकामी उभी असताना केबिनमधला दिवा आणि पंखा बंद होतो का? लिफ्ट खोलीतला एसी हिवाळ्यातही कमी तापमानावर चालू असतो का? ही दोन निरीक्षणे फुकट होतात.

पंपाची परीक्षा

उंच इमारतीत पाणी वर चढवायला लागणारी वीज अगदी नेमकी काढता येते, म्हणून पंपाची परीक्षा सर्वांत आधी घ्यावी. सूत्र सोपे आहे. किती हजार लिटर पाणी चढवले, त्याला मीटरमधल्या उंचीने गुणा आणि ३६७ ने भागा. येणारा आकडा म्हणजे काही वाया गेले नसते तर लागली असती तेवढी युनिटे.

आता प्रत्यक्ष मोजा. ओव्हरहेड टाकीचे व्हॉल्व्ह बंद करून घ्या, म्हणजे भरताना पाणी खाली जाणार नाही. टाकी आतून ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद असेल आणि पातळी ५० सेंटिमीटर चढली, तर १० हजार लिटर पाणी आले. जमिनीखालच्या टाकीपासूनची उंची आणि नळातले घर्षण मिळून ६० मीटर धरा. आदर्श वापर १.६ युनिटे. पंपाच्या मीटरवर मात्र ६.२ युनिटे दिसली, तर पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता २६ टक्के. चांगला, योग्य निवडलेला पंपसंच ५० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर असायला हवा.

याचा अर्थ वर्षाच्या युनिटांत उतरवा. ८० घरे, घरटी चार माणसे, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज सुमारे ४३ हजार लिटर पाणी. २६ टक्क्यांचा पंप त्यासाठी दिवसाला जवळजवळ २७ युनिटे घेईल, ५० टक्क्यांचा १४. वर्षाला साडेचार हजारांहून अधिक युनिटांचा फरक पडतो. कारण बहुधा एकच असते: ‘असू द्या जास्तीचा’ म्हणून इमारतीच्या उंचीपेक्षा खूप मोठ्या हेडचा पंप बसवला जातो आणि नंतर व्हॉल्व्ह अर्धवट बंद करून तो चालवला जातो. पंप चालू असताना व्हॉल्व्ह किती उघडा आहे, हे एकदा जाऊन पाहा.

आपल्या घरातली मोजणी

घराचा ताबा मिळाल्यावर पहिली तपासणी मीटररूममध्ये करा. घरातला मुख्य स्विच बंद करा आणि तुमच्या नावाचा मीटर थांबला का ते पाहा. नव्या इमारतीत मीटरवरचे सदनिका क्रमांक अदलाबदल झालेले असण्याची शक्यता असते. दुसऱ्याचाच मीटर थांबला तर लगेच वीज कंपनीला लेखी कळवा. मुख्य स्विच बंद असूनही तुमचा मीटर चालू असेल, तर मीटर आणि स्विच यांच्यामध्ये कुठेतरी दुसरी तार जोडलेली आहे. जिन्यातला दिवाही असू शकतो.

मग घराचा झोपेतला भार मोजा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटामागे किती लुकलुक, हे लिहिलेले असते. ३,२०० असेल तर हिशेब असा: दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि १,१२५ ला त्या सेकंदांनी भागा. उत्तर वॅटमध्ये येते. साडेबावीस सेकंदांनी एक लुकलुक दिसली तर भार ५० वॅट. फ्रिज थांबलेला आणि दिवे-पंखे बंद असताना हे मोजा. हा भार वर्षभर राहिला तर ४३८ युनिटे जातात. सेट-टॉप बॉक्स, राउटर, इन्व्हर्टरचे चार्जिंग, पाण्याच्या शुद्धीकरणाचे यंत्र हे एकेक बंद करून कोणाचा किती वाटा आहे ते पाहा. वेळेनुसार वापर नोंदवणारा नवा टीओडी मीटर बसला असेल तर तासातासाचा वापर मोबाइल ॲपवर दिसतो, त्याचा उपयोग करा.

भिंत, काच आणि गच्ची

इमारतीचे कवच खराब असेल तर त्याची किंमत प्रत्येक घर एसीच्या बिलातून भरते आणि ज्याच्याकडे एसी नाही तो घामाने भरतो. म्हणून युनिटांच्या जोडीला तापमान मोजणे आवश्यक आहे. नोंद ठेवणारे छोटे तापमापक स्वस्तात मिळतात. एप्रिल-मेमध्ये तीन घरांत ते दोन आठवडे ठेवा: सर्वांत वरच्या मजल्यावर, मधल्या मजल्यावर आणि पश्चिमेच्या भिंतीच्या खोलीत. उन्हाचा किंवा एसीचा झोत थेट येणार नाही अशा जागी, माणसाच्या छातीच्या उंचीवर. एसी न लावता काही दिवसांच्या नोंदी घ्या. वरच्या घराचे तापमान मधल्यापेक्षा सतत दोन-तीन अंशांनी जास्त असेल, तर गच्चीचा उष्णतारोधक थर तपासायला हवा.

मायव्हान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून, बांधलेल्या टॉवरमध्ये पश्चिमेच्या भिंतीकडे खास लक्ष द्या. तिथे भिंती काँक्रीटच्या असतात. १५० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीट भिंतीतून जाणारी उष्णता २०० मिलिमीटर एएसी ब्लॉकच्या भिंतीच्या चौपटीहून अधिक असते. अशा इमारतीत बाहेरची सावली, छज्जा आणि हलका रंग यांवर सगळे अवलंबून असते. संध्याकाळी सात वाजता इन्फ्रारेड तापमापकाने आतल्या बाजूने भिंत मोजा आणि शेजारच्या आतल्या भिंतीशी तुलना करा. वाद पुढे न्यायचा असेल तर तज्ज्ञाकडून भिंतीतून वाहणाऱ्या उष्णतेची मोजणी करून घ्यावी. त्यासाठी यंत्र किमान तीन दिवस भिंतीवर ठेवावे लागते.

घर सोसवेल इतके गार आहे का, याचे भारतीय माप उपलब्ध आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने देशातल्या कार्यालयांचा अभ्यास करून ते २०१४ मध्ये मांडले गेले आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत त्याला स्थान मिळाले. ते कार्यालयांवरून बेतलेले असले तरी घराचा अंदाज घ्यायला उपयोगी पडते. नैसर्गिक वाऱ्यावर चालणाऱ्या इमारतीसाठी, गेल्या महिन्याभराच्या बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणा आणि त्यात १२.८३ मिळवा. येणाऱ्या आकड्याच्या वरखाली सुमारे २.४ अंश इतक्या पट्ट्यात बहुतेक माणसांना बरे वाटते. बाहेरची सरासरी ३० असेल तर मध्य २९ आणि वरची मर्यादा ३१.४ अंश. आतले तापमान यापुढे तासन् तास राहत असेल, तर कमी बिल ही इमारतीची कार्यक्षमता नव्हे. राहणारे सहन करत आहेत एवढाच त्याचा अर्थ. वृद्ध आणि लहान मुले असलेल्या घरांसाठी हा आरोग्याचा प्रश्न आहे.

तुलना कशाशी करायची

कार्यालयांसाठी ब्युरोच्या तारांकनाचे पट्टे उपयोगी आहेत. २००९ मध्ये योजना आली तेव्हा मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात, निम्म्याहून अधिक भाग वातानुकूलित असलेल्या कार्यालयाला पाच तारे मिळण्यासाठी निर्देशांक १०० च्या खाली असणे गरजेचे होते, तर २०० ते १७५ दरम्यान एकच तारा मिळत होता. कार्यालयात सर्वांत आधी सुट्टीच्या दिवसाचे रीडिंग पाहावे. रविवारचा वापर कामाच्या दिवसाच्या निम्मा असेल, तर एसी किंवा हवेचे पंखे कोणी बंदच करत नाही.

निवासी इमारतीने प्रथम स्वतःच्या मूळ अंदाजाशी, मग स्वतःच्याच दुसऱ्या वर्षाशी तुलना करावी. एखादा मे महिना जास्त तापला तर त्याचा परिणाम वेगळा काढण्यासाठी दोन्ही वर्षांचे मासिक सरासरी तापमान शेजारी लिहा. शेजारच्या सोसायटीशी तुलना करताना उंची, प्रक्रिया केंद्र आणि क्लबहाउस सारखे आहे का ते पाहा.

तफावत सापडली की

सापडलेले दोष तीन गटांत वाटा. पहिला गट चालवण्याच्या सवयींचा: चुकीचे टायमर, ‘मॅन्युअल’वरचे स्विच. हे आठवड्यात, बिनखर्चाने सुधारतात. दुसरा गट जुळवणीचा: न चालणारे सेन्सर, अर्धवट बंद व्हॉल्व्ह, न बसवलेले कपॅसिटर. तिसरा गट बांधणीचा: कबूल केलेल्यापेक्षा वेगळी काच, गच्चीवर नसलेला थर, चुकीचा पंप, पुरेशी निर्मिती न करणारी पॅनेले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गटासाठी कायदा तुमच्या बाजूने आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ च्या तिसऱ्या पोटकलमानुसार, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कामाच्या गुणवत्तेतला किंवा सेवांच्या तरतुदीतला दोष लक्षात आणून दिला, तर विकसकाने तो तीस दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. तसे झाले नाही तर महारेराकडे दाद मागता येते. मात्र ‘बिल फार येते’ एवढ्या तक्रारीने काही साधत नाही. पत्रात कबूल केलेला तपशील, मोजलेला आकडा, मोजण्याची तारीख आणि पद्धत, फोटो हे सगळे द्या. शक्यतो विकसकाच्या अभियंत्यासमोरच पंपाची चाचणी पुन्हा करा. मोठी तफावत असेल तर ब्युरोच्या प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाचा अहवाल जोडा.

हे सगळे एका माणसाच्या उत्साहावर सोडू नका. कमिटी बदलली की वही हरवते. महिन्याच्या एका ठरावीक तारखेला, ठरावीक वेळी, ठरावीक मीटरांचे फोटो काढून एका तक्त्यात भरणे हे काम सोसायटीच्या ठरावात लिहा आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेबपत्रकाच्या शेजारी वर्षाचा निर्देशांक मांडा. पैशांचा जमाखर्च आपण दर वर्षी तपासून घेतो, तशीच शिस्त विजेच्या जमाखर्चाला लावली पाहिजे.

इमारत पन्नास-साठ वर्षे उभी राहते. पहिल्या पाच वर्षांत दुरुस्त न झालेला दोष तेवढी वर्षे बिलात येत राहतो, आणि पाच वर्षे उलटली की तो दुरुस्त करण्याचा खर्च रहिवाशांच्याच माथी बसतो. म्हणून ताबा मिळाल्याच्या पहिल्याच महिन्यात सगळ्या मीटरांची रीडिंगे लिहून ठेवा, पुढच्या सभेत सब-मीटरचा ठराव मांडा आणि पाच वर्षांची मुदत कोणत्या तारखेला संपते, ते सूचनाफलकावर ठळक लिहा.